विद्यापीठाशी संबंध नसलेल्या माणसाने तेथील ग्रंथालयात बसून जुने अहवाल कसे वाचावेत?

पांझराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी धुळे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला शिक्षक आहे. आमच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवर फड पद्धतीचे सिंचन पिढ्यानपिढ्या चालत आले. नदीत बंधारा घालायचा, पाटाने पाणी शिवारात आणायचे, गावाचे भिजणारे क्षेत्र तीन-चार फडांत वाटून एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी शेतकऱ्याने नव्हे तर गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने सांभाळायची, अशी ही व्यवस्था आहे. तिच्याविषयी जुन्या माणसांकडून ऐकलेले मी दोन वह्या भरून लिहून ठेवले आहे. सांगणाऱ्यांपैकी काही जण आता हयात नाहीत, त्यामुळे ते वाया जाऊ नये असे फार वाटते. पण तोंडी माहितीला कागदाचा आधार नसेल तर ते लेखन आठवणींच्या पलीकडे जाणार नाही, हेही कळते.

मला इंग्रजी अमदानीतील महसूल आणि पाटबंधाऱ्यांचे अहवाल पाहायचे आहेत. ते पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा मुंबई विद्यापीठात मिळतील, असे एका परिचितांनी सांगितले. मात्र मी कोणत्याही विद्यापीठाचा विद्यार्थी, प्राध्यापक किंवा नोंदणीकृत संशोधक नाही. रात्रीच्या एसटीने पुण्याला जावे आणि सकाळी दारावरच ओळखपत्र मागून परत पाठवावे, असे होऊ नये म्हणून विचारतो. बाहेरच्या वाचकाला आत बसू देतात का? त्यासाठी कोणाचे पत्र लागते? आणि संगणकावरील तालिकेत, म्हणजे ग्रंथांच्या सूचीत, मी ‘साक्री’ आणि ‘फड’ हे शब्द घालून पाहिले, तर उपयोगाचे काहीच आले नाही; याचा अर्थ पुस्तके तेथे नाहीतच असा घ्यावा का?

ग्रंथसेवक यांचे उत्तर

गुरुजी, मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. आपल्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण आधी दाराचा प्रश्न संपवू.

बहुतेक विद्यापीठ ग्रंथालये बाहेरच्या अभ्यासकाला आत बसून वाचण्याची परवानगी देतात. पुस्तक घरी मात्र देत नाहीत. त्यासाठी ओळखपत्र, ठरावीक शुल्क आणि कोणत्या तरी संस्थेचे पत्र लागते. आपल्याजवळ संस्था नाही असे आपण म्हणता, पण तालुक्यातील किंवा धुळ्यातील महाविद्यालयाचे ग्रंथपाल किंवा प्राचार्य हे पत्र आनंदाने देतील. पत्रात ‘संशोधनासाठी सहकार्य करावे’ एवढे मोघम वाक्य असू नये. विषय, कोणत्या काळातील कोणत्या प्रकारची साधने पाहायची आहेत आणि कोणत्या तारखांना आपण येणार, हे लिहिलेले असावे. ते पत्र आठवडाभर आधी ग्रंथपालांच्या नावे पाठवा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी दूरध्वनी करा. मी टेबलापलीकडे बसत असे तेव्हाचा अनुभव सांगतो: ज्याचे पत्र आधी आलेले असे, त्याची पुस्तके तो येण्यापूर्वीच काढून ठेवलेली असत, आणि जो ऐन वेळी येऊन ‘शेतीवरचे जुने काहीतरी दाखवा’ म्हणे, त्याचा अर्धा दिवस तो नेमके काय शोधतो आहे हे आम्हा दोघांनाही समजण्यात जाई.

आता तालिकेविषयी. आपण ‘साक्री’ हा शब्द घातलात, तिथेच गाडी अडली. आपल्याला ज्या काळचे कागद हवे आहेत त्या काळी त्या तालुक्याचे नाव पिंपळनेर होते. जिल्हा धुळे नव्हता, खानदेश होता; १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि आपला भाग पश्चिम खानदेशात गेला. फड पद्धत आजच्या नाशिक जिल्ह्यातील बागलाणच्या मोसम आणि आरम या नद्यांवरही आहे, म्हणून आपल्याला बागलाणचे कागदही लागतील, आणि तिथे आणखी एक वळण आहे: नाशिक जिल्हा १८६९ साली झाला, त्यापूर्वी बागलाण खानदेशात होते. म्हणजे एकाच गावाचे कागद तीन जिल्ह्यांच्या नावांखाली सापडू शकतात. धुळ्याचे जुने इंग्रजी लेखनही आजच्यासारखे नाही, शेवटी ‘इया’ असा उच्चार होईल असे ते लिहीत. ही सगळी नावे एका कागदावर लिहून घेऊन एकेक करून शोधा.

दुसरी अडचण ‘फड’ या शब्दाची. मराठी ग्रंथांची नावे अनेक ठिकाणी तालिकेत रोमन लिपीत नोंदलेली असतात, आणि नोंद करणाऱ्याने ‘फ’ दोन पद्धतींपैकी कोणत्या पद्धतीने लिहिला हे पाहिल्याशिवाय कळत नाही. देवनागरीत नोंदी असल्या तरी १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या ग्रंथांच्या नावांत ‘कालवें’, ‘पाटाचें पाणी’ असे अनुस्वार येतात, आणि संगणकाला ‘कालवे’ व ‘कालवें’ हे एकच आहेत असे कोणी शिकवलेले नसते. शब्दाचा सुरुवातीचा भाग तेवढा घालून शोधणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. मुलकी मोजणी आणि सारा-आकारणीचे, म्हणजे जमिनीवरचा कर ठरवण्याचे, अहवाल हे स्वतंत्र पुस्तक म्हणून तालिकेत क्वचितच दिसतात. मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागदांची एक लांबलचक मालिका छापली जात असे, तिच्या नव्या मालेत तालुक्या-तालुक्याचे हे अहवाल क्रमांकाने आले. ग्रंथालयाने ती मालिका एकच नोंद करून ठेवलेली असते आणि आतल्या शेकडो कागदांची नावे तालिकेत नसतात. म्हणून आपण पिंपळनेर शोधाल तर शून्य येईल आणि मालिकेचे नाव शोधाल तर कपाटभर खंड निघतील. ही आकारणी ३० वर्षांसाठी ठरवीत, त्यामुळे एका तालुक्याचा मूळ अहवाल आणि पुढच्या फेरआकारणीचा अहवाल असे दोन्ही शोधावेत. पाटस्थळ, म्हणजे पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या, जमिनीवर वेगळा आकार बसवीत असत, त्यामुळे बंधाऱ्यांची माहिती याच अहवालांत, बहुधा अगदी कंटाळवाण्या परिच्छेदांत, दडलेली असते.

कपाटांपाशी जाण्याची मुभा मिळाली तर आणखी एक ध्यानात ठेवा. ड्यूई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात सिंचन एका जागी नसते. शेतीच्या अंगाने लिहिलेले ६३१.५८७ मध्ये, अभियांत्रिकीच्या अंगाने लिहिलेले ६२७.५२ मध्ये आणि पाण्याच्या अर्थकारणाचे ३३३.९१३ मध्ये. या तीन जागा वेगवेगळ्या दालनांत, कधी वेगळ्या मजल्यांवरही असतात. आपला विषय तिन्हींत मोडतो.

आणि हे सगळे करण्यापूर्वी घरबसल्या एक काम उरका. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतातील विद्यापीठांचे शोधप्रबंध विनाशुल्क उतरवून घेता येतात. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवते. पुणे विद्यापीठाच्या प्रबंधांबरोबर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचेही पाहा. सिंचनावरचा एखादा बरा प्रबंध मिळाला तर तो मागून वाचायला लागा. शेवटच्या संदर्भसूचीत त्या संशोधकाने चार-पाच वर्षे फिरून जमवलेली साधने ओळीने मांडलेली असतात, आणि आपली मागणी-चिठ्ठी निम्मी तिथेच तयार होते.

एक_वाचक यांचे उत्तर

इतका खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. खानदेशाचे गॅझेटियर, म्हणजे १८८० साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, आंतरजालावर पूर्ण उपलब्ध आहे. नाशिकचा सोळावा खंड, १८८३ चा, तोही आहे. जुने सरकारी अहवालही कोणी ना कोणी स्कॅन करून चढवलेले असतात. ज्या वयात प्रवास नकोसा होतो त्या वयात रात्रीच्या एसटीने पुण्याला जाण्यापेक्षा घरच्या संगणकावर आठ दिवस बसलेले बरे.

फोर्टचा_वाचक यांचे उत्तर

गॅझेटियर घरी वाचावे, याबद्दल दुमत नाही. किंबहुना ते वाचल्याशिवाय पुण्या-मुंबईला जाऊच नये. पण आंतरजालावरील प्रतीवर थांबू नये, याचे एक अगदी भौतिक कारण आहे. अशा अहवालांच्या शेवटी घडी घातलेले नकाशे आणि लांबरुंद तक्ते चिकटवलेले असतात. स्कॅन करणाऱ्याने पुष्कळदा ती घडी उलगडण्याचे कष्ट घेतलेले नसतात आणि आपल्याला पडद्यावर नकाशाची पाठ तेवढी दिसते. पाटाच्या वाटा ज्याला काढायच्या आहेत, त्याच्या हाती नेमके हवे ते लागत नाही. शिवाय स्कॅनमधील अक्षरांवरून शब्द शोधणाऱ्या यंत्रणेला जुने टंक आणि मराठी नावांवरील स्वरचिन्हे नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे ‘शब्द सापडला नाही’ या उत्तरावर विसंबता येत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांना मुंबईविषयी थोडे सांगतो. ‘मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय’ असे म्हटले की आधी विचारून घ्या: फोर्टचे की कलिन्याचे? राजाबाई टॉवरखालचे जुने ग्रंथालय दक्षिण टोकाला आहे आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालय सांताक्रूझच्या विद्यानगरी परिसरात. तालिकेत पुस्तक दिसले तरी ते कोणत्या जागी आहे तो रकाना पाहिल्याशिवाय लोकल पकडू नये. टॉवरचे ग्रंथालय पाहण्यासारखे आहे यात शंका नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली ते पुरे झाले आणि टॉवरला त्यांच्या आईचे नाव आहे. गिल्बर्ट स्कॉट यांनी तो आराखडा भारतात न येता लंडनमध्ये बसून केला. रंगीत काचांतून येणाऱ्या उजेडात वाचायला बसले की पहिला तासभर पुस्तकाकडे लक्ष लागत नाही, हे अनुभवाने सांगतो.

तरीही आपल्या विषयासाठी मी त्या ग्रंथालयाइतकेच महत्त्व तेथून पायी काही मिनिटांवर असलेल्या राज्य पुराभिलेखागाराला देईन. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत ते आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात छापलेला अहवाल मिळेल, तर पुराभिलेखागारात तो अहवाल ज्या पत्रव्यवहारातून तयार झाला तो पत्रव्यवहार. दोन्ही ठिकाणची मांडणी अगदी वेगळी आहे. ग्रंथालयात विषयावरून शोधतात, पुराभिलेखागारात खाते आणि साल यांवरून. म्हणून छापील अहवालाच्या प्रस्तावनेत ज्या पत्रांचे क्रमांक आणि तारखा येतात त्या आधी टिपून घ्या, मगच तिकडे जा. पेन्सिल न्या. मोडी वाचता येत नसेल तर सोबत वाचणारा न्या.

आता पत्र आणि दूरध्वनी यांबद्दल ग्रंथसेवकांनी जे लिहिले त्याला माझी पुस्ती. मी एकदा मे महिन्यात दुसऱ्या शहरातील एका विद्यापीठात, पत्र वगैरे पाठवून, तीन दिवसांची रजा काढून गेलो होतो. परवानगी होती, ओळखपत्र होते, ग्रंथपाल सौजन्याने बोलले; परंतु वार्षिक साठा पडताळणीसाठी जुन्या बांधीव खंडांचा विभाग नेमका त्याच आठवड्यात बंद होता. वाचनकक्ष उघडा होता, म्हणून दूरध्वनीवर ‘ग्रंथालय चालू आहे’ असे मला कळवण्यात आले होते आणि ते खरेही होते. तेव्हापासून मी ग्रंथालय चालू आहे का असे विचारत नाही, अमुक क्रमांकाचे पुस्तक अमुक दिवशी हातात मिळेल का असे विचारतो.

ग्रंथसेवक यांचे उत्तर

वरील शेवटचे वाक्य आमच्या खात्यातील प्रत्येक दूरध्वनीशेजारी लावावे असे आहे.

पुण्याविषयी एक सांगायचे राहिले. जयकर ग्रंथालय विद्यापीठाच्या स्थापनेनंतर लगेच, १९५० साली, उभे राहिले. पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचे नाव त्याला आहे. संग्रह मोठा आहे, परंतु एकोणिसाव्या शतकातील सरकारी अहवालांसाठी मी गुरुजींना आधी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात पाठवीन. भारत सेवक समाजाचा जुना संग्रह तेथेच असल्याने सरकारी अहवाल, आयोगांची प्रतिवृत्ते आणि जनगणनेचे खंड यांचा साठा तिथे चांगला आहे. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या सिंचन आयोगाचे खंड तिथे मागून पाहा आणि त्यांतील मुंबई इलाख्यातील साक्षी काढून वाचा. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदाही सोबत वाचावा, म्हणजे गावाने बांधलेल्या बंधाऱ्यांकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होते ते उलगडेल. जयकर ग्रंथालयाकडे दुसऱ्या टप्प्यात जा, प्रबंध आणि नंतरच्या काळातील ग्रंथ यांसाठी.

आणि काखेत कळसा नको म्हणून विचारतो: धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळात आपण जाऊन आलात ना?

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेबद्दल हल्ली बरेच लिहून येते, म्हणून तेही स्पष्ट करतो. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थी आणि अध्यापकांना सुमारे १३,००० नियतकालिके त्यातून वाचता येतात. योजना उत्तम आहे, पण आपले काम आजच्या नियतकालिकांत नसून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या खंडांत आहे, त्यामुळे तिच्यासाठी धडपडू नये.

पांझराकाठ यांचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. राजवाडे मंडळात मी विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर अनेकदा गेलो, स्वतःच्या कामासाठी एकदाही नाही, हे कबूल करतो; परवा गेलो. त्यानंतर येथील महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाईंनी पत्र तर दिलेच, शिवाय माझ्याकडून नावांची यादी घेऊन स्वतः पुण्याच्या दोन ग्रंथालयांच्या तालिका चाळल्या. ‘पिंपळनेर’ घातल्यावरही काही आले नाही, पण दप्तरातील निवडक कागदांच्या मालिकेची नोंद मिळाली आणि तिच्याखाली दाखल क्रमांकांची (ग्रंथालयाने प्रत्येक खंडाला दिलेल्या नोंद-क्रमांकांची) रांगच निघाली. पुढच्या आठवड्यात तीन दिवसांसाठी पुण्याला निघतो आहे.

आता एक शंका उरली आहे. नकाशे आणि तक्ते हाताने उतरवणे माझ्याच्याने होणार नाही. त्यांची छायाप्रत किंवा भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेण्यास कायद्याची आडकाठी आहे का?

ग्रंथसेवक यांचे उत्तर

कायद्याची नाही. आपल्याकडे सरकारी प्रकाशनावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे आपण पाहणार ते अहवाल केव्हाच मुक्त झाले आहेत. अलीकडचे ग्रंथ असले तरी स्वतःच्या अभ्यासापुरता मर्यादित भाग उतरवून घेणे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ ला मान्य आहे. तरीही ग्रंथालय छायाप्रत नाकारू शकते, आणि त्याचा राग मानू नये. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद यंत्रावर पालथा दाबला की बांधणीपाशी तुटतो. अशा वेळी छायाचित्राची परवानगी मागावी, ती लेखी घ्यावी, फ्लॅश बंद ठेवावा आणि घडीचा नकाशा स्वतः न उलगडता कर्मचाऱ्याला बोलवावे. कर्मचारी कामात असला तरी थांबावे, कारण घडीवर फाटलेला नकाशा पुढच्या वाचकाला मिळत नाही.

छायाचित्रे काढताना प्रत्येक खंडाचे पहिले चित्र मुखपृष्ठाचे आणि दुसरे दाखल क्रमांकाच्या शिक्क्याचे घ्या. तीन दिवसांत आपल्याजवळ चार-पाचशे चित्रे जमतील आणि धुळ्याला परतल्यावर कोणता तक्ता कोणत्या खंडातला हे त्याशिवाय सांगता येणार नाही. माझ्या टेबलाशी दर वर्षी निदान दोन-तीन अभ्यासक केवळ तेवढी नोंद घेण्यासाठी पुन्हा प्रवास करून येत असत.